आधीचा कागद

मंगळवार, १४ तारीख
तळ्याकाठची शेड, दुपार

ताई,

तुला वाकून नमस्कार, भाऊजींना उभ्याउभ्या. चिमणीला एक पापा, आणि तो ती पुसून टाकेल म्हणून वर आणखी एक. मी बरा आहे. खोकला गेला. खोलीला आता खिडकी आहे. म्हणजे आधीही होती, पण आता उघडते.

पाच महिने पत्र नाही म्हणून तू म्हणत असशील, "भिंगरीच्या पायाला चाक आहे, हाताला काय झालं?" खरं म्हणजे चिमणीच्या चिठ्ठीने लिहायला बसवलं. तिचं गणित भाऊजी घेतात म्हणे. 'आई शिकवत नाही, तिला जमत नाही म्हणते.' हे वाचलं आणि जेवण गेलं नाही. पण त्यावर मग येतो. आधी इथलं सांगतो.

काम तेच. शाळा सुटल्यावर मुलं इथे निसर्गाच्या वर्गाला येतात, चार ते सहा. शिकवायला सर आहेत. तळं, झाडं, गांडुळांचा खड्डा, जाळ्या आणि भिंगं माझ्याकडे. मुलं मला तळेमामा म्हणतात. चारच्या आधीचा हा तास माझा. पाण्यावरचं ऊन छपराला आतून हलत राहतं. आडवं होऊन बघितलं की वाटतं, आपणच तळाशी पडलोय आणि वरून कोणीतरी भिंग धरलंय. तू म्हणशील, कामाला गेलास की लोळायला!

तर मोजणीबाई. हे नाव मुलांनी ठेवलं. मुलं खरंच काही शिकतात का ते मोजायला वर्ग चालवणाऱ्या संस्थेने त्यांना पाठवलं. पद्धत साधी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने तळ्याचं चित्र काढायचं, आत काय काय असतं ते. तीन महिन्यांनी परत तेच. दोन कागद शेजारी ठेवले की भर किती पडली ते दिसतं. दिसली नाही तर वर्ग बंद. पहिले एकतीस कागद त्यांनी माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत ठेवायला दिले. "सांभाळा हं. आधीचा कागद नसेल तर नंतरच्याला काही अर्थ नाही."

मध्ये मुलांच्या गोगलगाईंची काचपेटी तडकली. दोन दिवसांपुरत्या मी त्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं, आणि विसरलो. खाली कागद आहेत हे ठाऊक होतं. म्हटलं, गोगलगाय काय कागद खाते?

खाते, ताई. आवडीने खाते.

उघडलं तेव्हा कागदांची जाळी झाली होती. एक उजेडाकडे धरला. चित्रातल्या तळ्याच्या जागी भोक, आणि त्यातून खरं तळं दिसत होतं. किती वेळ तसाच धरून उभा होतो कोण जाणे.

कोणाला बोललो नाही. कोरे कागद घेतले, दार ओढलं आणि डाव्या हाताने एकतीस तळी काढायला बसलो. काही न येणाऱ्याने काढलेलं तळं हवंय ना, मग माझ्याइतका लायक माणूस कुठे मिळणार! एक गोल, दोन मासे, एक कमळ. पण हात ऐकेना. चतुराला पंख फुटायच्या आधी तो पाण्याखाली असतो, हे ठाऊक झाल्यावर कमळाचा देठ रिकामा कसा सोडायचा? बेडकाची अंडी, चिखलातलं बीळ, पाण्यावर चालणारा तो किडा. पुसायचो, परत यायचं.

शुक्रवारी बाईंनी ते कागद बाकावर पसरले. खूप वेळ बघत राहिल्या.

"तळेमामा, हे एकाच हाताचे आहेत."

मी कागद गोळा करायला लागलो.

"आणि ह्या हाताला तळं येतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकलं, मुलांसमोरच. सरांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "मामा, गोगलगाईंनी आधी कोणाचं खाल्लं?"

"माझं! माझं सगळ्यात छान होतं."

"हॅ, तुझ्यात मेणखडू होता. मेण कोण खाणार?"

"तू खातोस."

पाच मिनिटांत तीन कागद मांडले होते, एक कोरा, एक पेन्सिलीचा, एक मेणखडूचा, प्रत्येकावर दोन गोगलगाई. मुलं पालथी पडून, श्वास धरून बघत होती. बाई लिहायला लागल्या. त्यांच्या तक्त्यातली 'इतर शेरा' ही चौकट दोन बोटांची, त्या पाठीमागच्या पानावर गेल्या. वर्ग आणखी तीन महिने चालेल, मोजणी पहिल्यापासून. मला काढलं नाही. पेटीची किल्ली मात्र काढून घेतली.

आता ते गणिताचं.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मी गणितात आठ मार्कांनी गेलो असं तुला सांगितलं. गुणपत्रिका हरवली म्हणालो. ताई, मी पेपरला बसलोच नव्हतो. शाळेमागे पाट होता, त्यात शेवाळ वाहत होतं. तीन तास ते बघत बसलो.

तू वर्षभर कणीक मळता मळता मला शिकवलंस. नंतर शेजारची मुलं वह्या घेऊन आली, तर "मला नाही रे जमत शिकवायला" म्हणून परत पाठवलीस. मी दाराआड होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी लांबची गाडी पकडली.

बाईंनी मला एक कोरा कागद दिला, "आता उजव्या हाताने काढा." दोन दिवस लागले. सोबत ठेवलाय. माझा आधीचा कागद इथे कोणाकडेच नाही, तो तुझ्याकडे आहे. माझी गणिताची वही, कडेकडेने मासे काढलेली, जिच्यावरून तू मला धपाटा घातला होतास. टाकली नसशील. दोन्ही शेजारी ठेव आणि बघ. बघायला मला कोणी शिकवलं, ते तुला तरी सांगायला नको.

चिमणीला आज गणिताला तू घेऊन बस. कणीक मळतानाच बस.

पाटाकाठी बसलेला, तुझ्या शिकवण्यात नापास न झालेला,
तुझा भिंगरी