काच चार बोटं खाली

अहो,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "धबधबा कसा होता गं?" मी म्हटलं, "प्रचंड!" ते खोटं नव्हतं. गाडीची काच चार बोटं खाली करून मी त्याचा आवाज ऐकला होता.

सुट्टी म्हणून लेकाने दिवसभर गावाबाहेरच्या रस्त्यांनी फिरवलं. पण गाडी थांबली की नातू नेमका झोपलेला. सूनबाई हळूच म्हणायची, "आई, तुम्ही बसता का जरा? उठवलं तर रडेल." लेक म्हणायचा, "दहाच मिनिटं, आलोच." धबधबा, दरी, तळं, तिन्हीकडचं पार्किंग मी अगदी नीट पाहिलं. तीस वर्षं भूगोल शिकवताना खडूने फळ्यावर किती दऱ्या काढल्या मी! इथे खरी दरी भिंतीपलीकडे होती आणि माझ्यासमोर कचऱ्याचा डबा.

घरी आल्यावर लेक मित्राला सांगत होता, "आज आईला सगळं दाखवलं." मी बाळाची लाळ पुसत होते.

पुढच्या वर्षी तो तुम्हालाही बोलावतोय. का, ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. सूनबाईला दुसरं होणार आहे, आणि दोन बाळांपाशी बसायला दोन माणसं लागतील. तुम्ही मात्र डोंगर चढायला नवे बूट आणलेत आणि शेजारीपाजारी दाखवत फिरताय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

बूट चावतात म्हणालात ना? काळजी करू नका. गाडीतून उतरावं लागणार नाही.

तुमची,
मागच्या सीटवरची