साठ फूट सहा इंच

३० मार्च

श्यूने आज बॉल टाकला! चौदा महिन्यांनी. भैयाजींच्या हॉटेलात गल्ल्यावर बसून मोबाईलवर पाहिलं. इथे जामला चारचं ऊन, तिकडे तैवानात साडेसहा वाजलेले. सतरा बॉल टाकले त्याने. हात झटकला नाही, तोंड वाकडं केलं नाही. तिथल्या मोठ्या बेसबॉल लीगचा पिचर आहे तो, म्हणजे बॉल टाकणारा, माझ्यासारखाच. माझ्याच वयाचा, एकोणतीस. त्याच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन गेल्या वर्षी जानेवारीत झालं. माझंही त्याच महिन्यात, नागपुरात. तो उठला तर मीही उठतो, असं धरून बसलोय. कोणाला सांगितलं नाही.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. गिऱ्हाईक आलं, दोन तर्री-पोहे दिले.

१ एप्रिल

करंगळी अन् शेजारचं बोट अजून मेलेलंच. तव्याला हात लागला होता, कळलं ते आईच्या ओरडण्याने.

४ एप्रिल

कोच सरांचा फोन. एकोणीसला वर्ध्यात राज्य संघाची निवड. "आता वय पाहता हे शेवटचंच समज अश्विन," म्हणाले. बरं म्हटलं.

मग उगाच जुनं आठवत बसलो. सतराव्या वर्षी ज्युनिअर संघातून तैवानला गेलो होतो. सतरा-शून्यने हरलो. माझे पहिले सगळे बॉल उंच. ज्या प्लेटवरून बॉल न्यायचा, ती जवळ सरकल्यासारखी वाटायची. सर म्हणाले, घाबरलास. असेल बुवा! तिसऱ्या डावात श्यू बॅट घेऊन आला आणि माझ्या तीन बॉलवर बाद होऊन परत गेला. मॅच संपल्यावर त्याने स्वतःची टोपी दिली, कमरेत वाकून. मी जय भीम म्हटलं. तोही काहीतरी म्हणाला.

त्यानंतर तो लीगमध्ये गेला. तेविसाव्या वर्षी जपानला. तिथे जमलं नाही, दोन मोसमांत परत. परत आला त्या वर्षी सोळा सामने जिंकला! त्याचा एकेक सामना मला पाठ आहे. मी या काळात जामहून वर्धा आणि वर्ध्याहून जाम केलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत बाबांनी निळा फेटा बांधला होता. भेटेल त्याला सांगत होते, "एकोणीसले आहे पोराचं. पाह्यजा तुमी."

१९ एप्रिल

झालं. नाही घेतलं.

मशीनवर वेग एकशे एकवीस आला. ऑपरेशननंतर एवढा म्हणजे पुष्कळ. पण सगळे बॉल उंच. एक, दोन, तीन... खाली आणायला जातो तर जमिनीत. सर म्हणाले, "अजून घाबरतच राह्यला का बे तू?" बारा वर्षांनी तेच. मी घाबरलो नव्हतो. घाबरायलाही काहीतरी वाटावं लागतं.

परतीच्या एसटीत झोप लागली. बाबा फाट्यावर उभे होते. चेहरा पाहिला आणि बॅग घेतली.

२० एप्रिल

हॉटेल. घर.

२२ एप्रिल

हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आमच्या शेतात बाबांनी माझ्यासाठी एक पट्टा पडीक ठेवलाय, पंधरा वर्षं. एका टोकाला प्लेट. दुसऱ्या टोकाला मुरमाचा उंचवटा, त्यावर बाभळीची फळी. फळीवर पाय ठेवून टाकायचं. रोज शंभर बॉल. प्लेटमागे बाबा पोतं टांगून देतात.

आज सहज मोबाईलमध्ये वेग मोजायचं ॲप घेतलं. बॉल पोचायला लागलेल्या वेळावरून ते वेग काढतं, म्हणून त्याने अंतर विचारलं. साठ फूट सहा इंच टाकलं, फळी ते प्लेट जगात सगळीकडे तेवढंच असतं. वेग आला एकशे तेरा. वर्ध्याला एकशे एकवीस, इथे आठ कमी? तीनदा केलं. तेवढाच. अंतरच चुकलं की काय म्हणून शेजारच्या कैलास मिस्त्रीचा टेप आणला.

चौसष्ट फूट आठ इंच.

पुन्हा मोजलं. चौसष्ट फूट आठ इंच!

बाबांनी ते कापूस लावायच्या दोरीने मोजलं होतं. मी तेव्हा शेजारीच उभा होतो. तीन-तीन फुटांवर गाठी, वीस टप्पे धरले की साठ. वरचे सहा इंच माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीने. जुनी नायलॉनची दोरी, ओढून ओढून ताणलेली. कापसात ती लांबली तरी काही बिघडत नाही, सगळ्याच झाडांत अंतर सारखं पडतं. माझं बिघडलं. पंधरा वर्षं चार फूट लांबून टाकत होतो. म्हणून मैदानात गेलं की बॉल उंच. म्हणून कोपर!

टेप गुंडाळून ठेवला. घरी सांगितलं नाही.

२५ एप्रिल

बाबांना कळलं. टेप कशाला नेला होता म्हणून कैलासनेच विचारलं असेल. रात्रीच्या जेवणाला बसले, पहिला घास हातातच.

"माह्या दोरीनं तुहा हात गेला."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द तर होता. नाही म्हटलं नाही. भाजी वाढून घेतली आणि जेवलो.

२७ एप्रिल

फळी उपटून भिंतीला लावलेली. दोरी कुठे दिसत नाही. बाबा एक पोळी खाऊन उठतात.

६ मे

श्यूने खेळ सोडला.

दुपारी हॉटेलात बातमी आली. कोपराचं लिगामेंट पुन्हा फाटलं. व्हिडिओत तो पत्रकारांसमोर टेबलामागे बसला होता, टोपी काढून ठेवलेली, बोलता बोलता थांबायचा. खाली इंग्रजीत येत होतं — हात उचलला जातो, पण बॉल माझं ऐकत नाही.

मी गल्ला सोडून मागे गेलो, टाकीजवळ उभा राहिलो. लहानपणापासून त्याला मोजून बांधलेलं मैदान. साठ फूट सहा इंच, सूतभर इकडे-तिकडे नाही. मालिश करणारे वेगळे, डॉक्टर वेगळे. तरी त्याचा कोपर गेला. दोनदा.

आणि मी! बाबांवर ढकललं आणि दोन आठवडे मला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. नालायक आहे मी.

७ मे

सकाळी बाबांना व्हिडिओ दाखवला. श्यू रडत होता, भाषा कळायची गरज नव्हती. म्हटलं, "बाबा, याचं अंतर बरोबर होतं. तरी याचा हात गेला."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग उठून भिंतीची फळी उचलली.

"मंग हे कुठी ठेवू, सांग."

शेतात टेपाचं एक टोक त्यांनी प्लेटवर धरलं, दुसरं मी घेऊन गेलो. साठचा आकडा मला दिसेचना, इतके डोळे भरले होते. बाबांना सांगितलं, थांबा जरा.