एकतीस नंबरचा शिक्का

बायान लेपास,
१४ जुलै २००३

ती. आ हिया यास,
दादाला धाकट्या बहिणीचा, बी हूनचा, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इपोच्या हॉस्पिटलने पाच ऑगस्टची तारीख दिली हे वाचून जीव भांड्यात पडला. दुकानात छातीत कळ आली, मटकन खाली बसलास, आणि वहिनीला सांगितलंस काय, तर पंक्चर शोधतोय! धन्य आहे तुझी. आता तारखेपर्यंत डुकराच्या चरबीतल्या नूडल्स बंद. वहिनीला मी वेगळं लिहिणार आहे, म्हणजे तुझी चोरी चालायची नाही.

तुझ्या छातीत जे बसवणार तेच आम्ही इथे बनवतो, हे तुला सांगायला नको. शेवईएवढ्या नळीच्या टोकाला फुगा, फुग्यावर आवळून बसवलेली जाळी. मनगटाच्या शिरेतून ती हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवतात, जाळी उघडते आणि जन्मभर आतच राहते. प्रत्येक नगाबरोबर एक कार्ड फिरतं. ज्या बाईने नग तपासला तिने आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, पास झाला तर निळा, बाद झाला तर लाल. मी अगदी शेवटी बसते आणि कार्डं तपासते.

आता ऐक, आणि हसू नकोस. आमच्याकडे रोकिया नावाची मलायी बाई होती. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला माक चिक म्हणायचे, मावशी म्हणावं तसं. सतरा वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी बसली. तिने लाल शिक्का मारला की साहेबसुद्धा वाद घालत नसत. गेल्या रमजानमध्ये घरी जाताना कंपनीच्या बसमध्येच ती गेली. रोजा सोडायला अर्धा तास होता. माणूस गेलं की त्याचा शिक्का हातोडीने फोडायचा असा नियम आहे. तिचा एकतीस नंबर माझ्यासमोर फोडला, साक्षीदार म्हणून सही माझीच आहे.

मागच्या आठवड्यात माझ्याकडे सात कार्डं आली, सातांवरही लाल एकतीस. शाई ओली होती, बोटाला लागली. तिच्या जागेवर आता बसणारी पोरगी शपथेवर सांगते की तिने सातही नग पास केले. मी स्वतः भिंगाखाली घालून पाहिले, कुठे ओरखडा नाही. सांगू काय कुणाला? मेलेली बाई माल बाद करते म्हणून? आणि माल गुरुवारी निघायचा होता. मी सात नवी कार्डं लिहिली आणि त्यांवर माझा निळा अठ्ठावन्न मारला. जुनी टेलिफोनच्या वहीत दडवली आहेत. एकोणीस वर्षांत असलं काम पहिल्यांदाच केलं. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुला सांगितलं.

औषधं वेळेवर घे. लोभ आहेच, तो पथ्यासकट पाळ.

तुझी,
बी हून


तायपिंग,
२० जुलै २००३

चि. शेवई हिला
थोरल्याचे पोटभर आशीर्वाद.

आईबापांनी तुझं नावच बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, असं ठेवलं की पत्र लिहायला बसलो की भूक लागते, त्याला मी काय करू? वहिनीला लिहिलंस ते बरं नाही केलंस. आता उकडलेला भोपळा आणि बिनमिठाचा मासा खातोय. हॉस्पिटलात मरायच्या आधी घरातच मारणार तुम्ही दोघी मला.

तुझ्या माक चिकची गोष्ट मी दोनदा वाचली. अगं, आपला सातवा महिना अजून लागायचाय, पितरांची दारं बंद आहेत, ही बाई आधीच कशी बाहेर पडली? आणि मुसलमान बाईला आपल्या चिनी महिन्याचं काय पडलंय? कुणीतरी तुझी चेष्टा केली असणार. शिक्का करून घ्यायला बाजारात पाच मिनिटं लागतात.

खरी बातमी पुढेच आहे. परवा डॉक्टरने टेबलावर खोका ठेवून जाळी दाखवली. खोक्यावर तुमच्या कंपनीचं नाव! मी छाती फुगवून सांगितलं की हा आमच्या घरचा माल आहे, माझ्या बहिणीच्या हाताखालून आलेला. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण कौतुकाने हसला. नवीन माल याच आठवड्यात आलाय म्हणाला. ते तुझे सात नग गेले कुठे, तेवढं कळव. उगाच आपली चौकशी.

वहिनीचा आशीर्वाद. माया होती तेवढी राहू दे, भोपळा पाठवू नकोस.

तुझा,
तेक हुआत


बायान लेपास,
२५ जुलै २००३

ती. आ हिया यास,
बी हूनचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. पाठवणीची वही काढून पाहिली. सात नग सात गावांना गेलेत. त्यातला एक इपोला गेलाय, तुझ्याच हॉस्पिटलात. त्याचा नंबर ६११७.

आ हिया, हात जोडते, तारीख पुढे ढकल. नाहीतर डॉक्टरला सांग, मला दुसऱ्या कंपनीची जाळी हवी. कारण विचारलं तर बहिणीशी भांडण झालंय म्हण. चेष्टा असेल असं मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण माक चिकचा शिक्का कडेला किंचित चेपलेला होता, तीनच्या पोटात टवका होता. तो टवका सातही कार्डांवर आहे, आणि त्या शिक्क्याचे तुकडे कचऱ्यात जाताना मी डोळ्यांनी पाहिलेत.

तू म्हणशील, साहेबांना सांग. कितीदा तरी त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. कार्ड बदललं की दुसऱ्या दिवशी घरी, इथे दुसरी शिक्षाच नाही. मी पंचावन्न वर्षांची बाई, दुसरीकडे मला कोण घेणार? भित्री आहे मी, लहानपणापासून तुला ठाऊक आहे. तू फक्त ती जाळी घालून घेऊ नकोस, म्हणजे मी सुटले.

फोनवर हे बोलायचं तर तुमच्याकडे वहिनीच उचलते, म्हणून उलट टपाली उत्तर दे. या वेळी लोभ नको, ऐकणं हवं.

तुझी,
बी हून


तायपिंग,
८ ऑगस्ट २००३

चि. बी हून हिला
स्वी इम वहिनीचे अनेक आशीर्वाद.

यांना लिहायला अजून मनाई आहे म्हणून मी लिहिते. तुझं पंचवीस तारखेचं पाकीट परवा हाती आलं, तायपिंगच्या टपालाचं काय सांगावं. ते तसंच बंद यांच्या उशाशी ठेवलंय. पण त्याआधीच सगळं उरकलं. एक तारखेला सकाळी यांना जोराची कळ आली, घामाने चिंब झाले. अँब्युलन्सने इपोला नेलं आणि तासाभरात जाळी बसली. देवाची कृपा, काल यांना घरी आणलं. चेहऱ्यावर रंग आलाय आणि भोपळ्याला शिव्या देण्याइतकी ताकदही.

हॉस्पिटलने एक कार्ड दिलंय, खोक्यावरचा नंबर त्यावर चिकटवलाय. तो जन्मभर जपायचा म्हणे. शेवटचे आकडे ६११७. हे सारखे म्हणतात, बी हूनला विचार नंबर चांगला आहे का. मरणाचा म्हणतात तो चारचा आकडा नाही एवढं मी पाहून घेतलं. तू आपलं कळव, म्हणजे यांच्या जिवाला स्वस्थता.

तुझा जीव यांच्यावर आहे तसाच राहो.

तुझी वहिनी,
स्वी इम


बायान लेपास,
११ ऑगस्ट २००३

ती. आ हिया यास,
बी हूनचा शि. सा. न.

तू सुखरूप आहेस, यापरतं मला काय हवं! नंबर उत्तम आहे. मी वही पुन्हा तपासली, माझीच वाचण्यात चूक झाली होती. ते सात नग वेगळेच, तुझ्याशी त्यांचा काही संबंध नाही. इपोला गेलाच नव्हता त्यातला कुठला. आधीचं पाकीट फाडून टाक, भीतीच्या भरात काहीबाही लिहिलंय.

आराम कर, दुकानाकडे फिरकू नकोस. वहिनीला नमस्कार. लोभ वाढता असो.

तुझी,
बी हून


तायपिंग,
२३ ऑगस्ट २००३

चि. बी हून हिला
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. आधी बंद पाकीट, मग ते गोडगोड पत्र. शेवये, तुला खोटं लिहिता येत नाही. शाळेतही खोटं लिहिलंस की अक्षर सुंदर यायचं. पण रागावलो नाही. रागवायला वेळच मिळाला नाही, कारण आमच्याकडे रोज पाहुणी येत होती.

बारा तारखेपासून, सकाळी बरोबर सव्वादहाला. वहिनी बाजारात गेलेली असते. पहिल्या दिवशी मला वाटलं हॉस्पिटलने नर्स पाठवली. साठीची मलायी बाई, डोक्यावर पांढरा रुमाल, चष्म्याच्या नाकाला पट्टी गुंडाळलेली, हातात छत्री. खुर्ची ओढून बसली आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बोटं थंडगार, पण छातीवरचं ओझं उतरलं. चहा दिला तर नको म्हणाली, रोजा आहे, सूर्य मावळायचाय. मी म्हटलं बाई, रमजानला दोन-अडीच महिने आहेत. तर म्हणाली, तिचा अजून सुटलेला नाही. पंधरा मिनिटांनी उठून गेली. तुमची चहाची सुट्टी किती वाजता असते गं?

आठवडाभर हेच चाललं. वहिनी परत आली की विचारायची, दोन कप का काढलेत आणि एक भरलेलाच का. मंगळवारी बाई प्रथमच कामाचं बोलली. म्हणाली, जाळीच्या एका तारेला चीर आहे. थंडीत ती मिटलेली असते, रक्ताच्या उबेने उघडते, म्हणून भिंगाखाली सगळ्यांना दिसत नाही. सध्या तिने धरून ठेवलीय, पण सुट्टी पंधराच मिनिटांची. डॉक्टरकडे जा म्हणाली.

बुधवारी इपोला गेलो, छातीत दुखतंय अशी थाप मारली. डॉक्टरने पुन्हा नळी घालून पाहिलं आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तार तुटली होती, तिच्याभोवती रक्त साकळायला लागलं होतं. त्याने आत दुसरी जाळी बसवली. मला विचारलं की नेमकं कधी दुखलं, मी म्हटलं सव्वादहाला.

काल घरी आलो. आज ती पुन्हा आली, पण बसली नाही, मनगटही धरलं नाही. माझं काम झालंय म्हणाली. तिला उरलेल्या सहांचे पत्ते हवेत. मी म्हटलं माझ्याकडे नाहीत. म्हणाली, बहिणीकडे आहेत. सहाजण आहेत आणि तिला हात दोनच. तुझ्याबद्दल वाईटसाईट काही बोलली नाही. ते बोलली असती तर बरं वाटलं असतं मला.

तुझी नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. आमच्याकडे येऊन राहा, दुकानात हिशेबाला नाही तर गप्पांना तरी कुणी हवंच. पण साहेबांकडे आजच जा. हे लिहितोय तर ती दाराशी उभी आहे, छत्री उघडून.

माझी माया कुठे जात नाही. तू जा.

तुझा,
तेक हुआत


बायान लेपास,
१ सप्टेंबर २००३

ती. आ हिया यास,
बी हूनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि तशीच उठून सातही जुनी कार्डं साहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. शिक्का कुणी मारला तेही. मला वाटलं हसतील, पण त्यांनी तीनच्या पोटातला टवका भिंगाखाली धरून पाहिला. मग स्वतः एकेका हॉस्पिटलला फोन लावला. मला त्याच दिवशी कपाटाची किल्ली परत द्यायला लावली, ते बरोबरच झालं.

माणसांची नावं साहेबांनी दिली नाहीत, वहीतली गावं तेवढी आहेत. तेवढं तिला पुरेल. मलाक्का. कुचिंग. हात याई. मेदान. कोटा बारू. पाचही जणांना परत बोलवायचं ठरलंय, दोघांना कालच दुसरी जाळी बसली. तिघं अजून घरीच आहेत, त्यातल्या मेदानच्या म्हाताऱ्याचा तर फोनच लागत नाही. माक चिकला म्हणावं, आधी मेदानला जा.

सहावी सुंगाई पेतानीची होती. शाळेत शिकवायची, वय एकेचाळीस. सतरा ऑगस्टला वर्गात फळ्यापाशी कोसळली. मी तुला ते सुंदर अक्षरातलं पत्र लिहिलं ती अकरा तारीख होती. सहा दिवस, आ हिया. बसने गेलं तर सुंगाई पेतानी इथून तासाभराच्या वाटेवर आहे.

तो पत्ता मी लिहीत नाही. तिथे आता धरायला मनगटच नाही. माक चिक विचारेल की पाचच का. तू गप्प बसू नकोस, आणि मला सांभाळूनही घेऊ नकोस. माझं नाव घेऊन सांग.

वहिनीला नमस्कार. लोभ मागायला मला तोंड नाही. राहिला असेल तर असू दे.

तुझी,
बी हून