लिअँडरच्या रायफलीचा घोडा

९ ऑक्टोबर, सोमवार
नणंद बर्नाडिन येऊन गेली. कॉफी ओठाशी, नजर भिंतीवर. म्हणाली, "वहिनी, दादाची रायफल काय शोभेला टांगलीयस? शनिवारी चर्चच्या नेमबाजीत चालवून दाखव, नाहीतर मला दे." म्हटलं, चालवीन. नाही चालली तर तुझी. माझा लिअँडर वारल्यापासून रायफलीला कुणाचा हात लागलेला नाही. पण बोलून बसले. केंटकीची मुलगी मी, बंदूक काय परकी? उद्यापासून रोज सराव.

१० ऑक्टोबर, मंगळवार
सराव नाही. आधी यंत्र समजून घ्यावं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युलेलियाचं शिवणयंत्र मीच उघडून जोडायची. तत्त्व तेच. शिवाय लिअँडर टेबलावर वर्तमानपत्र पसरून रायफल उघडायचा, तेव्हा मी शेजारी विणत बसायची. बघून बघून येतंच.
संध्याकाळी: आपटून बार उडवणारा घोडा, स्प्रिंग, खाचांची चकती, तिला अडवणारी खटकी. सगळं सुटं केलं, तेल दिलं, जोडलं. एक पोलादी कपचा, तांदळाच्या कणीएवढा, उरला. जुना कचरा. फेकला. बिचारा लिअँडर, तसा वेंधळाच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
या रायफलीला चाप दोन. मागचा ओढून ठेवायचा, मग पुढच्याला नुसतं बोट लावलं की घोडा पडतो. पडतो, पण अर्ध्या वाटेवर थांबतो. थंडीमुळे असेल. दोन चापांमधला स्क्रू फिरवला. आता चापाकडे बघितलं तरी घोडा सुटतो. आणि अर्ध्यावर थांबतो. प्रगती आहे.
बर्नाडिनचा फोन. "जमतंय ना वहिनी, की येऊ?" उत्तम चाललंय म्हटलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
रोजरी म्हटली. केस सेट केले. रायफलीला विश्रांती.

१४ ऑक्टोबर, शनिवार
चर्चची सगळी मंडळी जमलेली. बर्गूच्या मटणरश्श्याची कढई ढवळणारेसुद्धा पळी थांबवून बघत होते. खट्. अर्ध्यावर. पुन्हा खट्. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, तिला आधी कॉफी पाजा, उठली नाहीये अजून!" फादरही हसले. मी दमट हवेविषयी बोलले. आभाळ लख्ख होतं.
बर्नाडिननं घोडा हळूच मागेपुढे करून पाहिला. मग माझ्या कानाशी, "वहिनी, आत एक बारीक तुकडा असतो. पडणाऱ्या घोड्याला अर्ध्यावरची खाच चुकवून देतो. कुठंय तो?" फेकला, म्हटलं.  ती म्हणाली, "दादानं भिंग लावून कानशीनं घडवला होता. तू शेजारीच होतीस की."
तिनं मागचा चाप वापरलाच नाही. "धरून ठेवला की खटकी खाचेत शिरत नाही," म्हणत पुढचाच जोर लावून ओढला आणि धरून ठेवला. बार झाला. कोळसा फासलेल्या फळीवरची फुली मधोमध उडाली.
रायफल मी आपल्या हातांनी तिच्या गाडीत ठेवली. वाटलं होतं, "राहू दे गं वहिनी" म्हणेल. तिनं वर गोधडी टाकली आणि डिकी लावली.