पुढचं उजवं चाक

गंगापूर रोड, नाशिक
२० नोव्हेंबर २०२५

चि. सुवर्णा हिस,
अनेक आशीर्वाद.

पुढचं उजवं चाक अजून जॅकवर आहे. ते तसंच ठेवून, हात पुसून आत आलो आणि लिहायला बसलो. कागदाला ग्रीस लागलं असेल तर चालवून घे.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, एवढंच. रविवारी कंपनीची नवी गाडी घेऊन येणार आहेस, असं आईकडून कळलं. तोवर फोन करू नकोस. हल्लीच्या फोनचे स्पीकर हलके झालेत, शब्द फुटतात. पत्र बरं.

नवी गाडी पाहीन. पण माझी मतं बदललेली नाहीत. एसी कमी करायला पडद्यावर बोट फिरवायचं, म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. आपल्या जुन्या एस्टीम गाडीचं बटण अंधारातही हाताला सापडतं. चाकं मोठी आणि टायर पातळ. शोरूमच्या फरशीवर शोभतात, खड्ड्यात रिम वाकते. स्टेपनी काढून तिच्या जागी हवेचा पंप दिला. बॉनेट उघडावं तर वर प्लास्टिकचं झाकण. मालकाने आत बघूच नये असं बनवणाऱ्यांना वाटायला लागलं, की मालक गाडी ओळखेनासा होतो. गाडीतली प्रत्येक गोष्ट हाताला कळली पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

एस्टीम छान आहे. उन्हाळ्यात चारही दारांत आवाज दाबणारी शीट बसवली, मी स्वतः. तेव्हापासून गाडी इतकी शांत झाली की भेटेल त्याला सांगत होतो. शेजाऱ्यांनाही फेरी मारून आणलं. ते म्हणाले, "ठीक आहे." मला वाटलं, त्यांना यातलं कळत नाही.

परवा चांदवडला तुझ्या मावशीकडे गेलो होतो. परतताना हायवेला लागल्यावर आई म्हणाली, "काहीतरी घुमतंय."

"रस्त्याचा आवाज आहे."

पिंपळगाव मागे पडलं. "अहो, हे विमान ओझरच्या विमानतळावर उतरवणार आहात, की घरापर्यंत न्यायचंय?"

मी हसलो. "बेअरिंगचा आवाज मला कळणार नाही, आणि तुला कळणार?"

"मी कुठे बेअरिंग म्हणाले? तुम्हीच म्हणालात."

पुढे रस्ता डावीकडे वळला, तेव्हा ती म्हणाली, "आता वाढलं." वळण संपल्यावर म्हणाली, "आता कमी झालं." तिने हे सहज सांगितलं. डाव्या वळणावर घुमणं वाढलं तर उजवं बेअरिंग गेलं, हे तू शाळेत असताना मीच तुला शिकवलं होतं. मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचीस आणि बरोबर चाक सांगायचीस.

आज दुपारी चाक उचललं. नेहमीसारखा कान जवळ नेऊन हाताने फिरवलं. काही आवाज नाही. चाकात दोष नाही, असं आईला सांगायला उठलोही होतो. मग परत बसलो, चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. वाळू दळावी तशी खरखर हाताला लागली. बेअरिंग पार गेलं आहे. बऱ्याच दिवसांचं असणार.

गाडी शांत झालेली नव्हती, सुवर्णा.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असताना टर्बाइनच्या हॉलमध्ये कानात घालायला बोळे मिळायचे. ते मीच काढून खिशात ठेवायचो. बोळे घातले की बेअरिंग ऐकू येत नाही, असं माझं म्हणणं होतं. बाकीचे हसायचे. पण कुठलं बेअरिंग बिघडतंय हे विचारायला माझ्याकडेच यायचे आणि मला ते आवडायचं.

आता ऑगस्टमधलं. तू अंगणात लॅपटॉप आणि स्पीकर मांडलास. विजेची गाडी हळू चालताना तिला आवाज नसतो, म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी तो बनवावा लागतो आणि तो तू बनवला आहेस, असं तू सांगितलंस. तुझा चेहरा मला आठवतो. तू लावलंस आणि विचारलंस, "बाबा, कसा वाटला?"

मी म्हणालो, "त्यात काहीच नाही."

तू लॅपटॉप मिटलास आणि चहा न घेता निघालीस. त्यानंतर तू फक्त आईशी बोलतेस. मी तुझ्या कामाला नावं ठेवली असं तुला वाटलं असेल. मी मत दिलंच नव्हतं. मला काही ऐकू आलं नव्हतं. स्पीकर चालू झालाय की नाही, हेही मला कळलं नव्हतं. तसं विचारण्यापेक्षा ते वाक्य सोपं होतं.

वर्षभर आईच्या बोलण्याला मी नुसती मान हलवतो. तिला कळलं असावं. आणि तिला शेजारी बसवून मी हायवेवर गाडी चालवतो. मागच्या ट्रकचा हॉर्न मला ऐकू येतो की नाही, हे मला माहीत नाही. कान तपासून होईपर्यंत स्टीअरिंगला हात लावणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतो आहे.

रविवारी गाडी अंगणात उभी कर. तुझा आवाज जिथून निघतो ती जागा दाखव आणि तो चालू कर. मी तिथे हात ठेवीन. कळला तर सांगेन. नाही कळला तर तेही सांगेन.

फोन करू नकोस. ये.

बाबा

ता. क. २१ तारीख. आज सकाळी आम्ही रिक्षाने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. गाडी जॅकवरच आहे. वाटेत आई काहीतरी म्हणाली. मी मान हलवली नाही, "काय म्हणालीस?" असं विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.