पुडीतली विमल

मंगळवार, ११ ऑक्टोबर १९७७. सकाळी साडेदहा.

टिपणीस डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी फसवणूक उघडी पडली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.

हात थरथरतो म्हणून त्यांनी तोंडी ‘कंपोनिल’ असं नाव सांगून औषध दिलं — गोळ्या कुटून, पुड्या बांधून, इथली रीतच ती. मुंबईच्या डॉक्टरने त्याच हातासाठी खोकं दिलं, वर ‘एल-डोपा’. दोन नावं म्हणजे दोन औषधं, कुणालाही वाटेल. पंधरवडाभर दोन्ही घेतली. आज ते खोकं टेबलावर ठेवलं, तर डॉक्टर हसले. “अहो बाई, हे नि ते एकच की! दुप्पट घेत होतात. मुंबईला दाखवल्याचं बोलला नाहीत?”

मी का बोलावं? पुडीवर खरं नाव लिहायला यांची शाई संपली होती?

“हे जास्त झालं की भास होतात. मधे काही दिसलं, भासलं का?”

“नाही,” म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

डॉक्टरांनी समजावलं ते असं — मेंदूत डोपामिन म्हणून एक रसायन असतं, ते कमी पडलं की हात हलतो. ही गोळी डोक्यात जाऊन तेच रसायन होते. म्हणजे खोक्यावर एक नाव, पुडीला दुसरं, डोक्यात पोचल्यावर तिसरं! आमच्या कॉन्व्हेंटात एखादीने स्वतःची तीन नावं सांगितली असती, तर मदरने दिवसभर बाकावर उभी केली असती.

उद्यापासून फक्त पुडी. खोकं कपाटात.

गुरुवार, १३.

विमल आली, पण ओसरीच्या पायरीपर्यंतच. एरवी वेताच्या खुर्चीत बसते. न्हालेले केस मोकळे, शिकेकाईचा वास, मागे पिवळं झालेलं भात हळूहळू डुलत असतं. माझी धाकटी बहीण. जाऊन सहा वर्षं झाली. या पंधरवड्यात मात्र रोज दुपारी यायची. मी जगाला नावं ठेवायची, ती म्हणायची, “तुझी जीभ अजून तश्शीच गं.”

कडावची हिरू भांडी घासता घासता बघत होती.

“बाई, कोनाशी बोलता? पायरीवर कोन नाय.”

“तू आपल्या कामाशी काम ठेव.”

“ठेवलंय की. पन च्या दोगींचा कशाला करायचा, ते सांगा.”

शनिवार, १५.

हात स्थिर; दुप्पट घेताना तो वेडावाकडा हलायचा. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला. खुर्ची रिकामी.

रविवार, १६.

वासही नाही. हिरूने न विचारता एकच कप आणला.

सोमवार, १७.

उद्या डॉक्टरांकडे पाठवायचं ते आधी इथे —

‘भासलं का’ विचारलंत, तेव्हा मी नाही म्हटलं. ते खोटं होतं; माझी गेलेली बहीण रोज दुपारी यायची. आता मला एवढंच सांगा : किती घेतलं म्हणजे हातही थांबेल आणि तीही येईल? गुरुवारी, वीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. तोंडी नको, तोंडी तुम्ही हसता. खोकं अजून कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.