टेबलाखालची जागा

३ मे २०२२, लातूर
आज परत कॉम्प्युटरवरचं विंडोज उडवलं, लिनक्सपैकी मिंट टाकलं. मागच्या महिन्यात उबुंटू होतं, त्याआधी फेडोरा. कशातच जीव रमेना! चांगली चालती सिस्टीम कोण मोडतं? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

खरं कारण मला माहीत आहे. मार्चमध्येच पुण्याहून कंपनीतल्या मिहिर सरांचा फोन आला — "आनंदराज, एक जूनपासून ऑफिसात ये. घरून काम बंद." पुणं म्हणजे कंपनीचा फ्लॅट, पाचवा मजला. आणि माय त्र्याण्णवच्या भूकंपापासून स्लॅबखाली झोपत नाही. त्या पहाटे बाबा आणि आक्का भिंतीखाली गेले. मी तिच्या कुशीत होतो, वाचलो. तेव्हापासून पत्र्याचं शेड हीच तिची खोली. मी आत पक्क्या खोलीत, ती अंगणात पत्र्याखाली. मे महिन्यात!

५ मे
शिवमूर्ती सुतार टेबल घेऊन आला. मला हवं होतं हलकं, काचेचं, उभं राहून काम करता येईल असं. मायनं परस्पर सागवानी सांगून ठेवलं! "काच? डोकं फिरलं का तुझं?" चौघांनी उचलून आत आणलं. वर शिवमूर्तीला त्यावर उड्या मारायला लावल्या. तो हसून राहिला — "मावशी, पोरगं कॉम्प्युटर ठेवणार हाय, हत्ती न्हाई!"

पाय टेकायला मी खाली आडवी पट्टी सांगितली होती. तीही हिनं काढायला लावली.

६ मे
सीपीयू टेबलाखाली सरकवला. आंघोळ करून येतो तर बाहेर काढून ठेवलेला. "खाली काई ठेवायचं न्हाई." का म्हणून? भांडलो. आता तो डबा टेबलावर, माझ्या कानाशी घरघरतोय.

९ मे
मिंट काढून आर्च टाकलं. मीटिंगमध्ये माझा आवाजच जाईना! सर म्हणाले, "अरे, सगळी टीम विंडोजवर सुखात आहे, तुलाच का खाज?" शेजारच्या होस्टेलातल्या, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला बसलेल्या पोरी सकाळपासून एकच धडा घोकून राहिल्यात. त्यांना निदान कुठं जायचंय ते माहीत आहे.

१० मे
परत विंडोज. बस झालं.

१३ मे
शेवटी मायला सांगितलं. पुणं, फ्लॅट, पाचवा मजला. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "तू जा. म्या हितंच बरी."

लई राग आला — तिचा, भूकंपाचा, सगळ्याचाच. एवढी वर्षं झाली, जात का नाही ही भीती? आणि मी काय हिला टाकून जाऊ? राजीनामा लिहिला. पाठवायची हिंमत झाली नाही.

१४ मे
दुपारी गंजगोलाईच्या बाजारातून आलो तर शेड रिकामं. हाका मारल्या. आत बघतो तर टेबलाखाली गोधडी टाकून माय आडवी! स्लॅबखाली! डोळे गच्च मिटलेले, हातात टेबलाचा पाय.

"माय, काय करून राहिलीस?"

"तुझ्यापुरतं करून घेतलं व्हतं हे. काई झालं तर पटकन खाली शिरशील म्हनून. आता दोघं मावतो का बघून राहिले. ये आत."

शिरलो. गुडघे दुमडावे लागले, पण मावलो.

डोळे न उघडताच म्हणाली, "हे टेबल पाचव्या मजल्यावर चढंल का रं?"